अ‍ॅस्पिनवॉलच्या अंधाऱ्या खोलीत शंभर आवाज

फोर्ट कोची, जानेवारी 2019.

आज सोमवार. सोमवारी बिनालेला, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या इथल्या कलाप्रदर्शनाला, तिकीट लागत नाही, म्हणून अ‍ॅस्पिनवॉल हाउसच्या फाटकाशी सकाळपासूनच गर्दी आहे. गणवेशातल्या शाळकरी मुलींची रांग, मुंडू नेसलेले आजोबा, लेकरू कडेवर घेतलेल्या बाया, गळ्यात कॅमेरे अडकवलेले परदेशी पाहुणे, सगळे एकाच दारातून आत सरकताहेत. कुणी कुणाला वाट करून देत नाही आणि कुणी कुणाला अडवतही नाही. चित्रप्रदर्शनाच्या दारात अशी सरमिसळ मी आपल्याकडे फार कमी वेळा पाहिली आहे. मुंबईच्या कलादालनांत प्रवेश फुकट असतो, तरी काचेच्या दारापाशी येऊन परत फिरणारी माणसं मला माहीत आहेत. इथे परत फिरताना कुणीच दिसत नाही.

ही वास्तू व्यापाऱ्यांची. 1867 मध्ये जॉन अ‍ॅस्पिनवॉल या इंग्रज व्यापाऱ्याने आपली कंपनी थाटली. खोबरेल, मिरी, सुंठ, हळद, काथ्या, चहा, कॉफी असा माल इथून जहाजात चढायचा. गोदामांच्या भिंतींचा गिलावा आता ठिकठिकाणी सुटला आहे. लाकडी जिन्यांच्या पायऱ्या मधोमध झिजल्या आहेत. मागच्या खिडक्यांतून बंदराचं पाणी दिसतं आणि त्या पाण्यावरून एखादं अजस्र जहाज इतक्या जवळून जातं, की आतली चित्रं पाहणारे सगळे क्षणभर खिडकीकडे वळतात. ही बिनाले सुरू करणारे बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे दोघेही मल्याळी. पण दोघांचं शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात झालेलं. पहिली बिनाले 12 डिसेंबर 2012 रोजी उघडली. ही चौथी. तिच्या क्युरेटर अनिता दुबे. बिनालेची सूत्रं एका स्त्रीकडे येण्याची ही पहिलीच वेळ. परकेपणा नसलेलं जगणं कसं शक्य होईल, हा प्रश्न त्यांनी या वेळी कलावंतांपुढे ठेवला आहे.

मी आधी स्यू विल्यमसन यांच्या कामापाशी थांबते. या दक्षिण आफ्रिकेच्या कलावंत. छतापासून मासेमारीची जाळी लोंबताहेत आणि जाळ्यांत काचेच्या बाटल्या अडकल्या आहेत. प्रत्येक बाटलीवर एक नाव कोरलेलं आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून जहाजांत कोंबून अटलांटिकपार नेलेल्या माणसांची ही नावं. वरून पाणी ठिबकतं, बाटल्यांवरून ओघळतं आणि खालच्या हौदात पडतं. थेंबांचा आवाज खोलीभर आहे. आम्ही बघे मात्र गप्प आहोत.

त्यांचंच दुसरं काम कोचीचं आहे. 1663 मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून कोची घेतली. त्या शतकात भारतातून कितीतरी माणसं डचांनी केपटाउनला नेऊन विकली. विक्रीच्या जुन्या दस्तांत त्यांची नोंद आहे. विल्यमसन यांनी तशा 119 नोंदी निवडल्या आणि साध्या सुती कपड्यांवर काळ्या शाईने उतरवल्या: नाव, वय, कोणी विकलं, कोणी घेतलं, किंमत किती. मग ते कपडे गढूळ पाण्यात बुडवून काढले. आता ते दोरीवर ओळीने टांगले आहेत. मळकट तपकिरी कापड, त्यावर पसरलेली शाई.

माझ्या शेजारी एक बाई आपल्या मुलाला बोट धरून एकेक कपडा दाखवते आहे. ती मल्याळममध्ये काय सांगते ते मला समजत नाही. मुलगा अक्षरं लावत एक नाव मोठ्याने वाचतो, मग दुसरं, मग तिसरं. तीनशेहून अधिक वर्षं दप्तरात पडून असलेली नावं कोचीतलं एक पोर कोचीतच मोठ्याने उच्चारतं आहे. विल्यमसन यांनी भाषण केलेलं नाही, रक्त दाखवलेलं नाही, कुणाचा चेहराही रंगवलेला नाही. किंमत लिहिली, एवढंच केलं. माणसाच्या नावापुढे किंमत वाचल्यावर पोटात जे होतं, ते दुसऱ्या कोणत्या मार्गाने झालं असतं असं मला वाटत नाही.

पुढच्या एका खोलीत बांगलादेशच्या मार्झिया फरहाना यांचं काम आहे. गेल्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला, त्याला अजून सहा महिनेही झालेले नाहीत. त्या पुरात बुडालेल्या घरांतलं सामान फरहाना यांनी गोळा केलं आणि छताला टांगलं. गंजलेला फ्रिज, फुगलेलं लाकडी सामान, पानं चिकटून गेलेली पुस्तकं. सगळं हवेत अधांतरी, जणू पूर अजून ओसरलेलाच नाही. आपण त्याच्या खालून चालतो. दारात उभे असलेले एक गृहस्थ आत येत नाहीत. बायको आत जाऊन परत येते तरी ते उंबऱ्यावरच उभे राहतात. त्यांच्या घरात पाणी शिरलं होतं का, ते मी विचारत नाही. कलाकृती पाहायला आत जावंच लागतं असं नाही, एवढं मात्र त्यांच्याकडे पाहून समजतं.

मग मी शिल्पा गुप्ता यांच्या खोलीत शिरते.

आधी काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावले की उभ्या सळया दिसू लागतात. दुकानात बिलं टोचून ठेवायला असते तशी टोकदार सळई, फक्त माणसाच्या छातीपर्यंत उंच. प्रत्येक सळईच्या टोकावर एक कागद खुपसलेला. कागदावर कवितेच्या ओळी. प्रत्येक सळईपुढे वरून एक मायक्रोफोन लोंबतो आहे. अशा शंभर सळया, शंभर कागद, शंभर मायक्रोफोन. कवीही शंभर. आठव्या शतकापासून आजपर्यंतचे, लिहिल्याबद्दल किंवा आपल्या मतांबद्दल तुरुंगात गेलेले, काही तर जिवाला मुकलेले.

एक मायक्रोफोन बोलू लागतो. कोणत्या तरी अनोळखी भाषेतला एक सावकाश आवाज. एक ओळ संपते आणि खोलीभरचे बाकीचे मायक्रोफोन तीच ओळ एकसुरात म्हणतात. मग पुन्हा शांतता. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला दुसरा आवाज. अरबी असावी. त्यानंतर रशियन, स्पॅनिश, मग मधेच कानावर हिंदी येते आणि अंगावर काटा उभा राहतो. मी आवाजाच्या दिशेने चालायला लागते, पण तिथे पोहोचेपर्यंत तो आवाज थांबलेला असतो आणि पाठीमागून दुसरा सुरू झालेला असतो. थोड्या वेळाने मी धावाधाव सोडते आणि जमिनीवर बसते. आजूबाजूला आणखी काही जण असेच बसले आहेत.

बसल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. मायक्रोफोन हे बोलणाऱ्याचं साधन. त्याच्यापुढे उभं राहायचं, बोलायचं आणि आवाज दूरवर जाऊ द्यायचा. या शंभर जणांपुढून तो काढून घेतला गेला होता. गुप्ता यांनी इथले मायक्रोफोन उलटे जोडले आहेत. ते आवाज घेत नाहीत, आवाज देतात. ज्यांना बोलू दिलं नाही त्यांच्यासाठी मायक्रोफोनच बोलतो आहे. तारांच्या जोडणीतला हा फरक या कामाचा कणा आहे. बाकी सगळं त्याभोवती उभं राहिलं आहे: अंधार, मंद दिवे, सळईचं टोक, कागदाला पडलेलं भोक. कवितेच्या मधोमध आरपार गेलेली ती सळई दिसते तेव्हा प्रत्येक ओळ थोडी अडखळत वाचावी लागते, कारण जिथे अक्षर असायला हवं तिथे लोखंड आहे.

या कामाचं नाव 'फॉर, इन युअर टंग, आय कॅनॉट फिट'. नाव आलं आहे ते नसीमी या चौदाव्या शतकातल्या अझरबैजानी कवीच्या एका ओळीवरून. पाखंडी ठरवून त्याला अलेप्पोत ठार मारलं. त्याची जिवंतपणी कातडी सोलली असं सांगतात.

बसल्या बसल्या मला आपली माणसं आठवत राहतात. अंदमानच्या कोठडीच्या भिंतीवर कविता कोरणारे सावरकर. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. आणि त्यांच्याही कितीतरी आधी, ज्यांच्या गाथा इंद्रायणीत बुडवायला लावल्या ते तुकोबा. शब्दांना घाबरणारी सत्ता आणि सत्तेला पुरून उरणारे शब्द हे मराठी माणसाला कुणी नव्याने शिकवण्याची गरज नाही. म्हणूनच असेल, या खोलीतल्या बहुतेक भाषा मला येत नसताना मला परकं वाटत नाही. ओळीचा अर्थ बहुधा समजत नाही, पण ती एकट्याने म्हटली जाते तेव्हाचं एकटेपण आणि शंभर जणांनी उचलून धरली की येणारं बळ, दोन्ही कानाला कळतं.

शिल्पा गुप्ता मुंबईच्या. जन्म 1976 चा, शिक्षण जे. जे.मध्ये, शिल्पकलेचं. त्यांचं काम मी बरीच वर्षं पाहत आले आहे. गुजरातच्या 2002 च्या दंगलींनंतर त्यांनी छोट्या बाटल्यांत रक्तासारखा लाल द्रव भरला, वर 'ब्लेम' असं लेबल लावलं आणि त्या मुंबईच्या लोकल गाडीत प्रवाशांपुढे धरल्या. तुमचा धर्म, तुमचं राष्ट्र, जे तुम्ही निवडलेलंच नाही त्याबद्दल मी तुम्हाला दोष देते, असा त्या लेबलचा आशय होता. गर्दीच्या डब्यात ती बाटली हातात घ्यायची की नाही, हे प्रत्येकाला तिथल्या तिथे ठरवावं लागत होतं. तेव्हा गुप्ता प्रवाशाच्या हातात काहीतरी देत होत्या. इथे त्यांनी आमचे हात मोकळे ठेवले आहेत आणि फक्त कान मागितले आहेत. सोळा-सतरा वर्षांत त्यांचा आवाज खाली आला आहे आणि धार वाढली आहे. आज भारतात त्यांच्याइतक्या संयमाने राजकीय काम करणारे कलावंत थोडे आहेत, असं मी जबाबदारीने म्हणते.

गणवेशातल्या मुली खोलीत येतात. आधी खिदळणं, मग अंधाराची गंमत, मग एकीने दुसरीला गप्प केलेलं. एक मुलगी मायक्रोफोनला कान लावून उभी राहते. तिच्या वाट्याचा मायक्रोफोन नेमका मुका आहे. ती तशीच थांबते. मैत्रिणी निघून जातात, बाई दारातून हाक मारतात, ती बोटाने 'थांबा' अशी खूण करते. अखेर तिच्या कानाशी आवाज सुरू होतो आणि ती दचकून मागे सरते, मग पुन्हा कान लावते. ओळ पूर्ण होईपर्यंत ती हलत नाही. या कलाकृतीला याहून चांगला प्रेक्षक मिळाला असेल असं मला वाटत नाही.

बाहेर ऊन कडक झालं आहे. मुलं चीनच्या सोंग दोंग यांच्या जलमंदिराभोवती जमली आहेत. तिथे कुंचला आणि पाणी ठेवलं आहे. पाण्याने हवं ते लिहायचं, काढायचं, आणि ते वाळून जाताना पाहायचं. लहानपणी घरात कागद-शाईची चैन परवडणारी नव्हती, म्हणून वडिलांनी सोंग दोंग यांना दगडावर पाण्याने अक्षरं गिरवायला सांगितलं होतं. मोठेपणी, 1995 पासून, ते दगडावर पाण्याने रोजनिशी लिहीत आले आहेत. मुलांना यातलं काही ठाऊक नाही. ती मासे काढताहेत, नावं लिहिताहेत, आणि माशाचं शेपूट वाळण्याआधी डोकं पूर्ण करायची त्यांची घाई चालली आहे.

उन्हं कलताना मी प्रभाकर पाचपुते यांच्या कामापाशी पोहोचते. खरं तर कोचीला येण्याचं माझं एक कारण तेच आहे.

पाचपुते चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे, 1986 साली जन्मलेले. सास्ती म्हणजे कोळशाच्या खाणी. त्यांच्या घरच्यांनी खाणीत काम केलं आणि घरची जमीनही खाणीत गेली. खैरागड आणि मग बडोदा इथे शिल्पकला शिकून या तरुणाने हाती काय घेतलं, तर कोळसा. त्याचीच कांडी करून तो भिंतीभर रेघा ओढू लागला. 2012 मध्ये मुंबईत त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं तेही खाणीबद्दलच होतं. गावाने जे जमिनीतून काढून गमावलं, त्याच कोळशाने गावाची गोष्ट सांगायची, हे साधनाचं आणि विषयाचं इतकं घट्ट नातं मी दुसऱ्या कुणा मराठी चित्रकारात पाहिलेलं नाही.

इथलं त्यांचं काम शेतकऱ्यांबद्दल आहे. गेल्या वर्षीचा किसान लाँग मार्च त्यामागे आहे. 6 मार्च 2018 रोजी नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी, त्यांत बहुतेक आदिवासी, सुमारे 180 किलोमीटर चालून 12 मार्चला मुंबईत पोहोचले. हक्काच्या वनजमिनीचा सातबारा आपल्या नावावर व्हावा, ही त्यांची मोठी मागणी. दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना त्रास नको, म्हणून शीवच्या सोमय्या मैदानावरून आझाद मैदानापर्यंतचं शेवटचं अंतर ते रात्रीच चालून गेले. पूर्व द्रुतगती महामार्गावर मी ती रांग पाहिली आहे. लाल टोप्या, डोक्यावर गाठोडी, आणि चालून चालून सोललेले तळपाय. लोक पाण्याच्या बाटल्या, चपला, खाऊ घेऊन रस्त्यावर उतरले होते.

वर्तमानपत्रांनी त्या तळपायांचे फोटो छापले आणि आठवड्याभरात आपण पुढच्या बातमीकडे वळलो. पाचपुते तिथेच थांबले. त्यांच्या चित्रांतली माणसं पुरती माणसं नाहीत. शरीरं आणि अवजारं एकमेकांत मिसळली आहेत. कुठे धड माणसाचं आणि वर भलतंच काही, कुठे अंग मातीचाच उंचवटा झालेलं. खाणीच्या चित्रांत त्यांच्या माणसांना डोक्याच्या जागी दिवे यायचे. इथे जमिनीने माणसाला घेतलं आहे की माणसाने जमीन अंगावर घेतली आहे, ते सांगता येत नाही. रंग मातीचे, राखेचे. आकार जड, पण रेघ हलकी. शिल्पकाराचा हात चित्रातही लपत नाही, कारण प्रत्येक देहाला वजन आहे, तो जमिनीवर नीट उभा आहे.

मला या कामात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की पाचपुते शेतकऱ्याला दयेचा विषय करत नाहीत. मान खाली घातलेला, आभाळाकडे पाहणारा, भेगाळलेल्या जमिनीवर उकिडवा बसलेला शेतकरी आपण फार पाहिला. कॅलेंडरांवर, जाहिरातींत, निवडणुकीच्या फलकांवर. इथला शेतकरी विचित्र आहे, थोडा भीतिदायकही आहे. त्याच्याकडे बघून कणव येत नाही, दचकायला होतं. तो काहीतरी होऊ पाहतो आहे, आणि काय होणार हे आपल्या हाती नाही. आपल्याच जिल्ह्यांतल्या माणसांना इतक्या आदराने आणि इतक्या निर्भयपणे पाहणारा चित्रकार आपल्यात आहे.

एक तरुण जोडपं माझ्या मागे येऊन उभं राहतं. मुलगा मराठीत म्हणतो, "मला तर काहीच कळत नाही." मुलगी म्हणते, "थांब ना जरा, नुसतं बघ." दोघं थांबतात. बऱ्याच वेळाने मुलगाच बोट दाखवून विचारतो, "हे पायच आहेत ना?" मग दोघं त्या पायांबद्दल बोलत राहतात. मोर्चाचा उल्लेख मुलीच्या तोंडून येतो. तिच्या गावाहून माणसं गेली होती. मी त्यांच्या बोलण्यात पडत नाही. मी सांगितलं असतं त्याहून जास्त त्यांना चित्रानेच सांगितलं आहे.

समकालीन कला कळत नाही, अशी तक्रार आपल्याकडे नेहमी ऐकू येते. ती खोटी नाही. आपल्या शाळांत चित्रकलेचा तास म्हणजे देखावा आणि फळांची परडी. त्या तासानंतर थेट सळईवर खुपसलेल्या कवितेपुढे उभं राहायचं, तर गोंधळ होणारच. पण आज दिवसभर मी जे पाहिलं, त्यात कळण्याआधी थांबणं आलं. कपड्यावरचं नाव वाचणारा मुलगा थांबला, मायक्रोफोनला कान लावणारी मुलगी थांबली, उंबऱ्यावरचे गृहस्थ थांबले, हे जोडपं थांबलं. कलावंताने आपल्या बाजूने एवढं केलेलं असतं, की आपण थांबलो तर काम आपल्याशी बोलायला लागतं. गुलामांची नावं, बुडालेली घरं, गप्प केलेले कवी, चालून आलेले शेतकरी, ज्यांच्याकडे जगाने पाठ फिरवली त्यांच्यापुढे या कलावंतांनी आपल्याला उभं केलं आहे. या काळात कलेकडून मला याहून मोठं काम अपेक्षित नाही.

एक रुखरुख मात्र मनात आहे. मुंबईच्या कलावंताची ही खोली आणि चंद्रपूरच्या चित्रकाराचं हे काम पाहायला मला केरळात यावं लागलं. ज्या सर जे. जे.ने ही बिनाले उभारणारी माणसं घडवली ते महाविद्यालय आपल्याकडे आहे. चित्रकार आपल्याकडे आहेत, विषय आपल्याकडे आहेत. रिकाम्या गिरण्या आणि गोदामंही कमी नाहीत. केरळ सरकारने या उपक्रमाला पाठबळ दिलं, गावाने जागा दिली आणि सोमवारी दार सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. हे महाराष्ट्रात होऊ शकत नाही, असं मानायला मी तयार नाही. सुधीर पटवर्धनांसारख्या ज्येष्ठ चित्रकाराने दहा वर्षांपूर्वी समकालीन चित्रं घेऊन महाराष्ट्रातल्या शहरांत फिरतं प्रदर्शन नेलं होतं, म्हणजे वाटही नवीन नाही. चंद्रपूरच्या मुलांनी पाचपुते यांची चित्रं चंद्रपुरात पाहावीत, एवढी साधी ही मागणी आहे, आणि ती आपणच लावून धरायला हवी.

ही बिनाले 29 मार्च 2019 पर्यंत होती. तिथे जाणं झालं नसेल, तर मुंबईत जहांगीर कलादालनात किंवा आपल्या गावच्या कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात जा, आणि एका चित्रापुढे थांबा. तिथे तुमची वाट पाहणारा कलावंत बहुतेक वेळा त्याच खोलीत उभा असतो. त्याला प्रश्न विचारा.